वालीची सही

शाळेतून कागद आलाय, गुजरातीत.
खाली ठिपक्यांची रेघ आणि शब्द: वाली.
आपल्याकडे वाली म्हणजे
ज्याला कुणी नाही त्याला जो असतो, तो.
इथे नुसते आई-बाप.
तेजल म्हणते, उद्या शेवटची तारीख, कर ना सही,
कबड्डीच आहे, लढाई थोडीच आहे.

चष्मा चढवून वाचते:
खेळताना इजा झाल्यास जबाबदारी शाळेची राहणार नाही.
एक ओळ. बस्स.
बाकी पानभर फायदे:
एकाग्रता, संघभावना, फुप्फुसांची क्षमता.

फायदे खोटे नाहीत, बाई.
मागच्या महिन्यात कारेलीबागेतल्या डॉक्टरांनी
माझी नाडी मोजली. अठ्ठावन्न.
घड्याळ झटकून पुन्हा मोजली. अठ्ठावन्न.
जिना चढताना दम लागतो? नाही.
हाडं तिशीतल्या बाईची आहेत, म्हणाले,
मग गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून गप्प झाले.
हा कुणाचा?
माझाच, म्हटलं. नाडीही माझीच.

दांडिया बाजारामागची व्यायामशाळा.
चार मराठी, दोन गुजराती, एक सिंधी, झाल्या सात.
ताक-हळद घातलेली माती पैलवानांची,
आमच्या वाटणीला कडेची, खड्यांची.
घोरपडे सरांचं एकच पालुपद:
साखळीत बोटं अडकवू नका, मोडतात. मनगट धरा.
माझ्या उजव्या मनगटावर हंसा परमार.
तिच्या पकडीचे वळ लपवायला
उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचं पोलकं.

त्या खड्यांनी झोप दिली, अशी
की आई उठवून उठवून थकायची.
पाळीतलं दुखणं निम्म्यावर आणलं.
रावपुऱ्यात मुद्दाम धक्का मारून जाणाऱ्याला
वळून गाठायचा दम दिला.
दम द्यायचाही दिला.

आणि नडियादची फायनल घेऊन टाकली.
चढाईला आलेल्या मुलीचा गुडघा माझ्या कानशिलावर:
इथवर आठवतं.
त्यापुढे एकदम एसटीची खिडकी, ओकारी,
मांडीवर कप.
मधली बारा मिनिटं हंसाकडे असतात.
ती सांगते, उठलीस की, दोन पकडी केल्यास,
सरांनी लिंबू चोखायला दिलं,
बोटं दाखवून विचारलं, किती?
तू म्हणालीस तीन. दोन होती.
सर हसले. आम्हीपण हसलो गं.

तेव्हा कुणाला ठाऊक होतं.
बाद झालेली गडी पुन्हा जिवंत होते,
नियमच होता तसा.

कपात आता केसांच्या पिना असतात.
कधीकधी शब्द सापडत नाही,
चिमटा म्हणायचं तर पिना म्हणते,
तेव्हा मी त्या कपाकडे संशयानं बघते.

हंसाचा खांदा तीनदा निखळला.
उजवा हात डोक्याशी जात नाही म्हणून
तिनं केसच कापून टाकले, छान दिसते.
हे गेले त्या रात्री
सयाजी हॉस्पिटलच्या बाकावर ती शेजारी बसली,
काही बोलली नाही.
मनगट धरलं. घट्ट. चांगला वळ उठला.

पेन उघडते. सही करते.
मग समासात, जमेल त्या गुजरातीत, लिहिते:
डोक्याला लागलं तर त्या दिवशी पुन्हा उतरवू नका.
ती म्हणेल मी ठीक आहे. तरी नाही.
कप समोर दिसत असला, तरी नाही.
शेवटचं अक्षर शाळेच्या शिक्क्यावर चढतं.

तेजल वैतागते: आई, टीचर हसतील!
हसू दे. ये इकडे ओट्यापाशी, हात दे.
ती सवयीनं बोटं पुढे करते.
मी मनगट पकडते, कमरेत वाकते,
गुडघा कट्ट म्हणतो.
आई, सोड, दुखतंय.
हां, एवढंच. आता तू धर.