परत आलेली

खानापूरच्या आमच्या वाचनालयाचं पत्र
मी दर महिन्याच्या पाच तारखेला पाठवते.
दोनशे अकरा पत्ते. नवी पुस्तकं, थकलेली वर्गणी,
आणि कौलं बदलायची आहेत ही विनंती,
तिसऱ्या वर्षीही तीच.

चहा उकळेपर्यंत सात परत.
पाठवणाऱ्याचं नाव डीमन.
सुशांतनं शब्दकोश काढून सांगितलं, म्हणजे भूत, काकू.
भूत बरं इमानी आहे म्हटलं,
माणसं कुठं इतक्या लवकर उत्तर देतात.

पूर्वी कार्ड परत यायचं.
पोस्टमन गुरुपादप्पा निळ्या पेनानं
कन्नडात कारण लिहायचा.
मनेगे बीग : घराला कुलूप.
ऊरल्ली इल्ला : गावात नाही.
कधी उगाच एक ओळ जास्तीची,
मुलीकडं हुबळीला, गणपतीला येतील.
आता नुसता आकडा येतो. पाचशे पन्नास.

नियम मीच लिहून भिंतीला लावलाय.
पेटी भरली असेल तर थांबायचं, पुन्हा पाठवायचं.
पत्ताच नसेल तर नाव काढायचं.
न काढता पाठवत राहिलं
तर बाकीच्यांचीही पत्रं कचऱ्यात पडतात.

रुक्माण्णा घाडींची पेटी मार्चपासून भरलेली.
स्टेशन रोडला गाठलं. म्हणाले, भरू दे की,
पासवर्ड नातवाकडं, नातू मडगावात,
तू तोंडानंच सांग काय नवीन आलंय.
उभ्या उभ्या चार पुस्तकं सांगितली.
दोन तिथंच विसरले.

एक चूक माझी.
नंदगडच्या मुतगेकर बाईंच्या पत्त्यातलं टिंब
यादी नवी केली तेव्हा गळालं.
सहा महिने त्या समजत होत्या
वाचनालय बंद पडलं.

आणि हणबर मास्तर.
असा कोणी इथं नाही, म्हणतंय.
कॉलेजनं पत्ता बंद केला असेल, निवृत्तांचे करतात.
मास्तर गेले त्याला वर्ष व्हायचंय.
त्यांच्या कार्डावर पुस्तक अजून जातं,
बाई नेतात,
पावती त्यांच्याच नावची मागतात.

यादीतून काढलं. काढावंच लागतं.
दोनशे दहा.
मग वहीत, मास्तरांच्या नावापुढं,
मला धड न येणाऱ्या कन्नडात
गुरुपादप्पासारखं गिरवलं : ऊरल्ली इल्ला.
शेवटचं जोडाक्षर चुकलं बहुतेक.

बाई बैलहोंगलच्या. त्यांना वाचता येतं.
गुरुवारी येतील तेव्हा
वही मिटून ठेवायला हवी.