चपलांचा क्रेट

दिब्ब्याच्या धक्क्यावर माझं काम सोपं:
चढणाऱ्याच्या चपला क्रेटात, नाव फळीवर,
वर आला की ओल्या अंगठ्याने नाव पुसायचं.
कुठल्याही लिपीत लिही, सुहैल नाखवा म्हणायचा,
पुसता आलं म्हणजे झालं.

मी देवनागरीत लिहायचो.
फरहादच्या बायकोचं नाव जिभेवर बसेना,
तिला मी ‘निळी टोपी’ लिहिलं.
तेरावा हेरंब. शारजात लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत.
“देवगड?” माझ्या हेलावरून त्याने ओळखलं.
“मी चिपळूणचा.”
एवढंच बोलणं.
लिहिताना हात अडला नाही असं ते एकच नाव,
पुसतानाही अडला नाही.

लिमाच्या खडकाच्या टोकाशी पाणी दुभंगतं,
अर्धं आत कड्याच्या सावलीत, अर्धं बाहेर,
आणि बाहेरचं पाणी कुणाला विचारत नाही.
शिडीवर गर्दी. पंख काढा, बाटली धरा, डोकं सांभाळा.
हेरंबच्या जोडीदाराला वाटलं, तो पुढच्यांबरोबर गेला,
पुढच्यांना वाटलं, जोडीदाराबरोबर.
मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, “आलो,”
की मीच म्हणालो मनात,
अजून कळलेलं नाही.
अंगठा फिरला.

नांगर वर. भात, मासळी, लिंबू.
पाऊण तासाने निळी टोपी आपली चप्पल शोधत
क्रेट उचकत बसली.
“हा जोड कुणाचा?”
काळा. डावी टाच झिजलेली.
उजव्या चपलेत चष्म्याची पेटी, पेटीला रबर.

मी फळी पाहिली.
कोरी.

सुहैल मला एक शब्द बोलला नाही. सुकाणू फिरवलं.
घड्याळाकडे नाही, पाण्याच्या रंगाकडे बघत राहिला.
सोळा नंबरवर अरबीत, मग इंग्रजीत, पुन्हा अरबीत,
तीच जागा, तोच एक माणूस.
लिमाच्या दोन होड्या जाळं तसंच सोडून आल्या.
एकीत एक म्हातारा उभा, हात लांबवून दाखवत:
खडकाकडे नाही, तिकडे. आणखी तिकडे.
ओहोटीला माझा बाप असाच दाखवायचा,
आणि आम्ही पोरं हसायचो.

सूर्य गेला.
तेलाची जहाजं लांब रांगेत दिवे लावून उभी.
तेवढ्या उंचीवरून माणसाचं डोकं
म्हणजे वाहून आलेला नारळ.

मग एक लुकलुक. जहाजाची नव्हे, फार खाली,
दर लाटेला विझणारी.

वर ओढला तेव्हा ओठ मिठाने फाटलेले,
शिट्टी अजून दातांत.
ती काढली तर पहिला शब्द: “चष्मा.”
मीच घालून दिला.
काचांतून त्याने मला पाहिलं, बराच वेळ,
राग नाही, काही नाही,
पाटी वाचावी तसं.
मग म्हणाला, खांद्यात मुंग्या येतायत.
हिरवी बाटली, मुखवटा. रोवेना मिनिटं लिहीत होती
आपल्याच मनगटावर, पेनाने.
धक्क्यावर ॲम्ब्युलन्स.
अनवाणीच नेला.

चेंबरमध्ये पाच तास ठेवला म्हणे.
खांदा सुधारला का, कुणी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

आता शिडीशी मी उभा असतो.
येणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो,
नाव त्याच्याच तोंडून वदवतो, मगच पुसतो.
लोक हसतात. एक जर्मन चिडला. चिडू दे.
निळ्या टोपीचं नाव मी आता पाठ केलंय.

तो जोड क्रेटाच्या तळाशी आहे.
दर फेरीला चपला माणसांपेक्षा एकाने जास्त भरतात.
फेकून दे, सुहैल म्हणतो, हिशेब चुकतो तुझा.
चुकतो खरा.
चुकला की मी पुन्हा पहिल्यापासून
माणसं मोजतो.