नंबराची जागा

डिसेंबर लागला की सिव्हिल लाईन्सच्या
दुभाजकांना पिवळा रंग चढतो.
इकडे गोळीबार चौकात
उघड्या चेंबरवर अजून तीच बाभळीची फांदी.

कुंदाताई हेडाऊ प्रेसमध्ये आल्या.
हातात मुदत संपली तेव्हाचं लेटरहेड,
नावाआधी निळ्या पेनानं लिहिलेलं 'माजी'.
"पाण्यासाठी लोक माझंच दार वाजवून राहिले, भाऊ.
प्रशासकाचं दार कुठी, कोणाले माहीत?"

रेडिओवर बातमी: विधेयक गोंधळात मंजूर.
एका प्रभागात आता तीन की चार,
आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही;
मशीन चालू होती.

"शंभर छाप," त्या म्हणाल्या,
"नंबराची जागा कोरी ठेव.
आणि 'माजी'
जरा बारीक टाईपात."