फट

दुआर्ननेच्या धक्क्यावर, भाड्याच्या खोलीत
सोआझिग समुद्र लिंपते सुरीनं :
एकच निळा, या काठापासून त्या काठापर्यंत.
त्यावर टेबल, भिंतीसारखं उभं.
लिंबं सांडत नाहीत.

भाऊ जाळी टाकून वर आलेला.
'आणि यात खोली कुठंय?'
'तीत तू उभा आहेस.
कापडाला नसते.'
तो पायऱ्या उतरतो पुटपुटत.
त्याचे दोन मित्र त्या निळ्यात बुडालेत.

संध्याकाळी आनाइग, सार्डिनच्या कारखान्यातून,
हातांना तेलाचा वास.
बराच वेळ बघते.
मग बोटानं हवेत मोजते :
डोकं, शेपूट, डोकं, शेपूट.
'डब्यात आम्हीही असंच लावतो.
फट राहिली की सगळं हलतं.'

सोआझिग दिवा जवळ ओढते
आणि तांबडा
लिंबाच्या पिवळ्याला
केसभर भिडवते.