मूळ

हुक्केरी ठाण्याहून आलेलं पाकीट.
लाखेवर शिक्का, शिक्क्यात कुणाच्या तरी अंगठ्याची घाई.
हवालदार बसलिंगय्या पावती कन्नडमध्ये मागतो,
पाणी मराठीत.

पुडीत पुडी, तिच्यात आणखी एक,
अंगारा बांधतात तशी.
शेवटच्या घडीत एक केस
आणि चार मिलिमीटर दोरा.
आरोपीच्या घड्याळाच्या पट्ट्यातून,
तिसऱ्या कडीतून काढलेले.
एवढ्यासाठी हा माणूस लाल बसमधून उभा आला,
पिशवी छातीशी धरून.

स्पर्श म्हणजे देवाणघेवाण,
नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.
मला ते आधीच ठाऊक होतं.
वडगावात आमच्या गल्लीत बाई यायची,
डोक्यावर भांड्यांची पाटी:
केस द्याऽऽ, वाटी घ्याऽऽ
आई गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून
खिडकीच्या फटीत खुपसायची.
वर्षभराच्या गुंतवळाची एक वाटी.
ती वाटी अजून आहे.
केस कुठल्या मुलखात, कुणाच्या डोक्यावर गेले,
आम्ही कधी विचारलं नाही.

आधी दोरा.
कडा करवतीच्या: रेयॉन.
भिंग फिरवलं तसा रंग उजळला, रामा हिरवा,
मधेच एक फिका पट्टा.
हा फिका पट्टा मी ओळखते.
ढग्यांच्या रंगाच्या हौदातला हा. ते मीठ कमी घालायचे.
शुक्रवारी आमच्या गटारातून हाच हिरवा वाहायचा,
शनिवारी राणी,
आणि त्यात आम्ही कागदाच्या होड्या भिजवायचो.

अहवालात याला रकाना नाही.
लिहिलं: मयताच्या लुगड्याशी साधर्म्य आढळते.
साधर्म्य तर हजार लुगड्यांशी आहे.
शहापूरच्या प्रत्येक दुकानात एक तरी घडी.

मग केस.
साडेसोळा सेंटिमीटर. टोकाकडं जुनी मेंदी,
मुळाकडं तीन बोटं काळा.
तीन महिने तिला मेंदी लावायला सवड झाली नसावी.
हेही लिहायचं नसतं.

आणि मूळ.
गळलेल्या केसाचं मूळ काडीच्या गुलासारखं,
गोल, कोरडं, काम संपवून आलेलं.
हे वाकडं होतं.
अंगावर ओलं म्यान घेऊन आलेलं,
वाढता वाढता ओढलेलं.

आमच्याकडं मूळ विचारायची सवय सगळ्यांनाच.
मूळ गाव कुठलं, मूळ बोली कुठली,
फलकावर वरची ओळ कोणाची.
माझा बाप या प्रश्नाला उत्तर देता देता म्हातारा झाला.
पण मूळ स्वतः होऊन काही सांगतंय
हे मी पहिल्यांदा बघत होते,
आणि तेही एवढंच:
मला ओढलं.

कोर्टात वकिलांनी विचारलं,
हा केस तिचाच? शंभर टक्के?
इल्ल.
दोरा तिच्याच लुगड्याचा?
सांगता येत नाही.
मग तुम्हाला सांगता तरी काय येतं, मॅडम?
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
टंकलेखकाची बोटं वाट बघत थांबली.
तानागि उदुरिद्दल्ल, मी म्हटलं.
कित्तद्दु.
आपोआप गळलेला नाही. उपटलेला.
मग कोणी हसलं नाही.
बोटं पुन्हा चालू झाली.

घरी आई उंबऱ्यात विंचरत बसलेली.
केसवाला आता स्कूटरवर येतो, भोंगा लावून,
पांढरे घेत नाही.
ती तरी फट भरतेच.
दिवसभर काय करूलालीस गे तिकडं?
केस बघते.
कुणाचे?
ते कळत नाही.
मग पगार कशाचा देतात म्हणे!

तिच्या बोटावरच्या गुंतवळातून
मी एक केस सोडवला,
बल्बसमोर धरला.
मूळ गोल.
कोरडं.
पुन्हा बघितलं.
मग फटीत, होता तिथं, ठेवून दिला.