तिसऱ्यात

शेचाळीस हजारांना घेतली तेव्हा
माधवनगरच्या शीतल चौगुलेंनी
टपावर थाप मारून सांगितलं,
"बैल आहे बैल. फक्त तिसऱ्यात जरा हात धरा."
काटा एक लाख सत्त्याऐंशी हजारांवर थांबलेला.
कधी थांबला, ते विचारलं नाही.
दोन हजार कमी करून घेतले होते,
त्यावर आणखी काय विचारायचं.

तेव्हापासून धरला.
मिरजेच्या चार दवाखान्यांच्या चादरी
पहाटे पाचला मोजून, गाठोडी बांधून
मालगावला न्यायच्या,
धुवून, वाळवून, घड्या घालून संध्याकाळी परत.
जाताना रक्त, आयोडीन, कुणाची उलटी.
येताना निळीचा वास.
आणि दोन्ही वेळा माझा डावा हात
गिअरच्या मुठीवर.
सोडला की खट्!
गाडी न्यूट्रल, सीटखाली इंजिन बोंबलतंय,
मागं उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देतोय.

केस डोळ्यांवर आले तर येऊ द्यायचे.
फोन वाजला तर वाजू द्यायचा.
पुतणी बाजूला असली की मूठ तिच्या हाती.
रेणुका दोन्ही हातांनी दाबून धरायची,
ओठ चावत.
एकदा म्हणाली, "आत्या,
आतून कुणीतरी उलटं ढकलतंय."

परवा सुभाषनगरच्या अलीकडं दुसराही गेला.
मग पहिलाही.
दोरीनं ओढत आणली दस्तगीर मिस्त्रींकडं.
पोतं टाकून ते खाली सरकले,
घमेल्यात ऑइल सोडलं,
काळ्या ऑइलात बारीक चमचम,
लग्नाच्या रांगोळीत घालतात तशी.
बोटांत चोळून म्हणाले, "हे सगळं दातांचं पीठ, ताई."

आणि मग दोन तास शिव्या.
"कुठल्या गाढवानं खोललाय हा आधी?
तीन बोल्ट एका मापाचे, चौथा सायकलचा!
पॅकिंगला काय, साबण लावलाय?"
मी गाठोड्यावर बसून ऐकत होते.
दोनशे बारा चादरी माझ्याखाली, न धुतलेल्या,
आणि दवाखान्यातून सिस्टरचा पाचवा फोन.

शेवटी ती स्प्रिंग निघाली,
तिसऱ्याला जागेवर धरणारी, करंगळीएवढी.
तिच्यामागं काहीतरी टक्कन घमेल्यात पडलं.
मिस्त्रींनी पँटीला पुसलं, उजेडात धरलं.
चार आणे.
कानस मारून मारून बटणाएवढं केलेलं नाणं,
त्यावर गेंड्याचं पोट तेवढं शिल्लक.

शिव्या थांबल्या.
"समीर, चहा सांग," म्हणाले.
चहा येईपर्यंत काही नाही.
मग बशीत बघत,
"शाळेची गाडी होती ही. पिवळा पट्टा.
अंकलीच्या मास्तरांची.
दहावीचा पेपर होता, पोरं आत बसलेली, घोकत.
स्प्रिंग बसलेली, नवी कुठनं आणू?
म्हटलं, दोन दिवस चालंल."

"किती वर्षं झाली?"
बोटं मोजायला घेतली, मधेच सोडली.
"चार आणे चालायचे तेव्हा."

कोल्हापूरच्या भंगारातून रिंगा आल्या, फोर्क आला,
नवी स्प्रिंग पस्तीस रुपयांची.
बिलावर मजुरी लिहिली,
खोडली,
अर्धी लिहिली.
नाणं मी मागितलं तर म्हणाले,
"ऱ्हाऊ द्या की. माझंच हाय ते."

काल संध्याकाळी घड्या भरून मालगावातून निघाले.
तिसरा पडला. बसला.
हात तिथंच होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
एकेक बोट उचललं.
काही झालं नाही.
केस कानामागं सारले,
हात मांडीवर ठेवला, परत उचलला,
काचेबाहेर थोडा धरला, वारा लागला.
एक टेम्पो हॉर्न देत पुढं गेला, मग दुसरा,
मग एक म्हातारा लुनावरून.
मिरज आली तेव्हा कळलं,
चौथा टाकायचा मी विसरलेच होते.