खंड

पाचोऱ्याला, तहसील कचेरीसमोर,
निंबाच्या सावलीत हमीद पिंजारीचं टेबल.
एका पायाखाली विटेचा तुकडा, वर कॉम्प्युटर,
प्रिंटरवर ओला गमछा; त्यालाही ऊन लागतं म्हणे.

"गॅपचं ॲफिडेव्हिट पाहिजे."
"पोराचं की पोरीचं?"
"माझं."
त्याने चष्म्यावरून पाहिलं. मग वकिलांसाठी ठेवलेली
खुर्ची माझ्याकडे सरकवली.

जळगावला महामंडळाच्या हापिसातही हेच.
शैक्षणिक कर्जाचा फॉर्म मागितला तर खिडकीतली बाई म्हणाली,
विद्यार्थ्याला सोबत आणावं लागतं.
आणलंय, म्हटलं.
ती माझ्या पाठीमागे बघत राहिली.

फॉर्म पोरांच्या मापाने शिवलेला.
पालकाचं नाव. पालकाचा व्यवसाय. पालकाची सही.
वडील जाऊन नऊ वर्षं झाली.
मी नवऱ्याचं नाव टाकलं, खोडलं, पुन्हा टाकलं.
खाडाखोड चालत नाही.
नवा फॉर्म वीस रुपये.

"किती वर्षांचा गॅप?"
"बावीस."
"एकाचा टायपतो मी, दोनाचा. मागे एक पाचाचा केला,
पोरगा पोलीस भरतीच्या मागे होता. बावीस..."
आणि हमीदभाईने बोटं मोडली
लांबच्या गावाला निघाल्यासारखी.

मजकूर ठरलेला असतो. तो बोलत बोलत टाइप करत गेला:
मी, वैजयंता प्रल्हाद बाविस्कर, वय एक्केचाळीस,
शपथेवर लिहून देते की
बारावी विज्ञाननंतर सदर खंडाच्या काळात
मी कुठेही शिक्षण घेतलेले नाही.
मी घरीच होते.

घरीच होते.

तेरा वर्षं लॅबमधल्या नळ्या धुतल्या तेव्हा घरीच होते.
जांभळं झाकण कशाला, लाल कशाला,
हे कोणी शिकवलं नाही, म्हणजे मी घेतलं नाही.
अर्ध्या गावाची साखर मला तोंडपाठ;
जिलेबीच्या गाडीवर कोण उभं आहे ते दिसलं
की मी रस्ता बदलते,
तेव्हाही घरीच.
एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जात होतं, ते मी थांबवलं.
रिपोर्टवर सही माझ्या निम्म्या वयाच्या पोराची.
चांगला आहे तो. ताई म्हणतो.

कर्ज दीड लाख. दोन वर्षं डिप्लोमा,
सहा महिने सवलत, मग सात वर्षं हप्ते.
फिटेल तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असेल.
नवरा म्हणाला, एवढ्यात गिरणीला नवी मोटर आली असती.
चुकीचं नाही बोलला.
जाऊ म्हणाली, आते ह्या वयमा?
पोरीने तिचं जुनं जीवशास्त्र दिलं,
पण सत्तर रुपये लावले; रद्दीवाला साठ देत होता.

भाऊ कपाशी लावतो. त्याच्याकडेही खंड पडतो,
पंधरा दिवस, कधी वीस.
वरून पीक माना टाकतं.
त्याच दिवसांत मुळं खाली जातात, तो म्हणतो.
कपाशीला कोणी शपथपत्र मागत नाही.

"काही बदलायचं?" हमीदभाईने विचारलं.
बदललं तर बँक परत पाठवते, हेही त्यानेच सांगितलं.
सगळ्यात खाली ओळ होतीच:
वरील मजकूर खरा व बरोबर आहे.

खरा नाही, मी म्हटलं. बरोबर आहे.

तो हसला नाही. गमछा उचलला.
कागद गरम निघाला,
उडू नये म्हणून त्याने वर माझाच डबा ठेवला,
कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा.
सही करताना नाव लांबलं,
चौकटीबाहेर गेलं.
राहू दिलं.